सरांच्या गच्चीवरचा पाइप

भानुमतीकाकूंनी केळीच्या पानाचा तुकडा माझ्या हातात दिला. त्यावर भात, वरण, एक वडा आणि चमचाभर खीर. "गच्चीवर ठेवून ये कावळ्याला," त्या म्हणाल्या. "जिन्यात बेतानं जा, शेवाळ धरलंय."

दत्तोपंत सरांचं हे दुसरं श्राद्ध. पहिल्याला मी आलो नव्हतो. सर गेले तेव्हाही आलो नव्हतो. त्या वेळी मी नागपूरकडे कामावर होतो, आणि परतल्यावर आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन वर्षं काढली. आमच्या ऑफिसातून त्यांचं मुकुंदवाडीतलं घर स्कूटरवर दहा मिनिटं. ज्या माणसाने मला पॉलिटेक्निकात जमीन मोजायला शिकवली, ज्याच्या जिवावर माझी पोटापाण्याची सोय झाली, त्याच्या बायकोला भेटायला मला दोन वर्षं लागली. तेही त्यांनीच फोन केला म्हणून. "शंतनू, तू तरी ये रे जेवायला. मनस्विनी पोटची लेक, पण ती काही कॅनडाहून येत नाही." हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

गच्चीवर आलो. जुलै महिना, ढग इतके खाली की समोरच्या अपार्टमेंटचा वरचा मजला पुसट झालेला. कठड्यावर पान ठेवलं आणि चार पावलं मागे सरलो. कावळा होता, पण खाली येईना. पाण्याच्या टाकीला लागून एक लोखंडी पाइप उभा होता, त्याच्या टोकावर बसून तो मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. त्याच्यामुळे मी वर पाहिलं, एरवी पाहिलं नसतं. पाइप चांगला पंधरा फूट, टाकीच्या भिंतीला क्लॅम्पने आवळलेला, टोकाला एक कप्पी आणि कप्पीतून खाली आलेली नायलॉनची दोरी.

काकू धापा टाकत मागून वर आल्या. "तो तिथंच बसतो," त्या म्हणाल्या. "माणसं गेली की येईल खाली."

"काकू, हा पाइप कशाचा?"

"गुढीचा! तुला माहीत नाही? अरे, बांबू पेलवेना आम्हाला दोघांनाही. मग यांनी बन्सीकडून हा बसवून घेतला. खालून दोरी ओढली की गुढी आपोआप वर. मला म्हणाले, मी नसलो तरी तुला एकटीला जमलं पाहिजे." त्या हसल्या. "एकच पाडवा त्यांच्या हातचा झाला. त्याच वर्षी आषाढात गेले. त्यानंतरचा पाडवा म्हणजे वर्षाच्या आतलाच, घरात सण नव्हता. पाइप नुसताच उभा होता बिचारा. यंदा मात्र मी एकटीनं चढवली हो गुढी."

पाइप नुसताच उभा होता. मागच्या वर्षीच्या पाडव्याला. माझ्या हाताला खीर लागली होती ती मी पँटला पुसली, आणि त्याच वेळी डोक्यावरून ढगातून विमानाचा आवाज गेला. दिसलं काहीच नाही. आवाज पश्चिमेकडून आला आणि चिकलठाण्याच्या विमानतळाच्या दिशेने खाली खाली उतरत गेला. काकू म्हणाल्या, "हल्ली एवढ्या ढगातही येतात बघ." मला ते माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी ही नवी वाट सुरू झाली होती आणि तिच्या कागदांवर माझी सही होती.

माझं काम काय ते सांगतो. ढगात वैमानिकाला खालचं काही दिसत नाही. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून विमान आपली जागा बारकाईने ओळखतं आणि आखून दिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उतारावरून खाली येतं. हा उतार एका ठरावीक उंचीपर्यंतच वापरायचा. तिथे धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर पुन्हा वर चढायचं. ही उंची किती, ते उपग्रह ठरवत नाहीत. खाली काय काय उभं आहे त्यावर ती ठरते. टाक्या, मोबाइलचे टॉवर, देवळांचे कळस, झाडं. ते सगळं मोजून यादी करून देणारी आमची एक लहानशी फर्म आहे. आता प्रमाणपत्रांचं म्हणाल तर विमानातल्या यंत्राला लागतं, ते वापरणाऱ्या वैमानिकाला वेगळं शिक्षण आणि वेगळी परवानगी लागते, वाट आखणाऱ्याला लागते, आणि आखलेली वाट तपासणीचं विमान उडवून मंजूर करून घ्यावी लागते. कागदांचा मोठा ढीग. त्या ढिगाच्या अगदी तळाला एक पान असतं. 'यादीतील सर्व अडथळे तसेच यादीतून वगळलेल्या सर्व वस्तू प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्या आहेत.' त्याखाली माझी सही.

मी एकही वस्तू जागेवर जाऊन पाहिली नव्हती.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी आमचं लेझरचं विमान नेमकं पाडव्याला उडालं. परवानगी तीनच दिवसांची होती, त्यातले दोन दिवस धुरकट गेले, तिसरा पाडव्याचा. विमान वरून जमिनीवर ठिपके मारत जातं आणि त्या ठिपक्यांतून कॉम्प्युटरवर सगळं शहर उभं राहतं. मी फाइल उघडली आणि पोट धरून हसलो. सिडकोपासून मुकुंदवाडीपर्यंत प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक गॅलरीत काठी उभी. कॉम्प्युटरला सणवार काय कळणार? त्याने एकेक गुढी अडथळा म्हणून धरली होती. उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यात मोजून नऊशे बारा.

नियम असा की शंका असेल ती वस्तू पायी जाऊन बघायची. शेजारच्या टेबलावर मृण्मयी बसते. या धंद्यात तिला माझ्याइतकीच वर्षं झालीत. ती म्हणाली, "सगळ्या नाही तर निदान उंच इमारतींवरच्या तरी बघून याव्यात का?"

"का हो, तुमच्याकडे गुढी दिवाळीपर्यंत उभी असते का?" मी म्हणालो. सगळं ऑफिस हसलं. तीही हसली. पाडव्याच्या दिवशी गच्चीवर उभी काठी म्हणजे गुढी, त्याला उन्हातान्हात हिंडून बघायचं काय? दोन दुपारी बसून मी नऊशे बारा गुढ्या एकेक करून खोडल्या.

त्यात मला सरांची गच्ची ओळखू आली. तो कोपऱ्यावरचा प्लॉट, ती चौकोनी टाकी. "वा, सरांची गुढी सगळ्यांत उंच!" असं मी मोठ्याने म्हणालो, गमतीने पडद्याला हात जोडले, आणि खोडली. सर जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ते मला माहीत होतं. वर्षाच्या आत त्या घरावर गुढी असणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण सर गेल्याचं मी फक्त फोनवर ऐकलं होतं. त्या घरात जाऊन बसलो नव्हतो, काकूंचं मोकळं कपाळ पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते माझ्यात कुठे उतरलंच नव्हतं. एकदा जरी जाऊन आलो असतो तरी माझा हात तिथे थांबला असता.

श्राद्धाचं जेवण मी कसं गिळलं ते मलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी काकूंना "सहज" म्हणून सांगितलं आणि मोजणीचं यंत्र घेऊन पुन्हा गच्चीवर गेलो. टाकी यादीत होती. टाकीच्या वरचे साडेतीन मीटर नव्हते. विमानाच्या उताराखाली एक कल्पनेतलं छत धरतात. त्यातून काही वर डोकावलं तर वैमानिकाला तितक्या वरूनच परत फिरायला सांगावं लागतं. सरांचा पाइप त्या छतातून सव्वादोन मीटर वर डोकावत होता. उद्या विमान येऊन पाइपला धडकेल असं काही नव्हतं. मध्ये बरीच हवा राखलेली असते. पण ती कशासाठी राखलेली असते? एखाद्या वाऱ्याच्या झोतासाठी, वैमानिकाच्या पापणी लवण्याएवढ्या उशिरासाठी. ती हवा मी कमी केली होती आणि ढगात बसलेल्या दीडशे माणसांना त्याचा पत्ता नव्हता.

सरळ मार्ग एकच होता. दिल्लीच्या विमान वाहतूक कार्यालयाला कळवायचं, माझी यादी चुकीची आहे, वाट बंद करा. मग माझी मोजणीची परवानगी जाणार, फर्मकडची इतर तीन विमानतळांची कामं जाणार, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा प्लॉटच्या कोपऱ्यांवर खुंट्या ठोकत हिंडणार. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. असं दोन दिवस चाललं. त्या दोन दिवसांत किती विमानं उतरली ते मला आठवतं, कारण प्रत्येक आवाजाला मी घड्याळ बघत होतो.

तिसऱ्या दिवशी मला अक्कल सुचली. अक्कल कसली, दुर्बुद्धीच. यादी आणि गच्ची जुळत नाहीत ना? मग यादी कशाला बदलायची, गच्ची बदलू. पाइप कापला की माझी यादी खरी. कुणाला काही सांगायला नको.

काकू अंगणात पारिजातकाखाली खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "काकू, तो पाइप काढावा लागेल. विमानतळाच्या नियमात बसत नाही. अशी उंच वस्तू उभारायची तर आधी विचारावं लागतं."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे यांनी विचारलं नव्हतं?"

"नसेल विचारलं."

"असं कसं होईल रे? हे भर दुपारी मोकळ्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबायचे. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या द्यायचे, तरी थांबायचे. यांनी नियम मोडला?"

इथे मला थांबता आलं असतं. नाही काकू, त्यांचं काही चुकलं नाही, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "विसरले असतील. वय झालं होतं ना."

त्यांनी हातातली शेंग परातीत टाकली. मग परात खाली ठेवली. "वर माणसं असतात," त्या म्हणाल्या. "काढ बाबा, आजच काढ. आणि एक ऐकशील का? हे कुणाला सांगू नकोस. त्यांचे इतके विद्यार्थी आहेत गावात. सरांनी असं केलं म्हणून कुणी बोलायला नको. त्यांच्या वतीनं मी माफी मागते तुझी."

माझी माफी मागितली त्यांनी. आणि मी, "असू द्या काकू, होतं असं कधी कधी," असं मोठ्या मनाने म्हणालो. हे लिहितानाही मला माझं तोंड फोडावंसं वाटतं.

बन्सीचं फॅब्रिकेशनचं दुकान कोपऱ्यावरच होतं. माणूस शेंद्र्याचा, शेत औद्योगिक वसाहतीत गेल्यावर गेट-ग्रिलच्या धंद्यात पडलेला. ग्राइंडर घेऊन दुपारी आला. पाइप बघून त्याने ग्राइंडर खाली ठेवला.

"म्याच बसवला व्हता," तो म्हणाला. "दत्तोपंत सर इथं खुर्ची टाकून बसले व्हते. चार डाव ओळंबा लावून बघाया लावला मला. म्हनले, बन्सी, सरळ म्हंजी सरळ. कापायचाच का साहेब?"

"कापायचाच."

"बरं."

ग्राइंडरच्या ठिणग्या टाकीवर उडाल्या. आम्ही दोघांनी पाइप दोरीने धरून हळूहळू आडवा केला. काकू जिन्याच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पाइप आडवा झाल्यावर त्या पुढे आल्या, कप्पीतून दोरी ओढून काढली, कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळली, आणि कप्पी तेवढी मागून घेतली. मग चहा टाकते म्हणून खाली गेल्या.

मी कठड्याला टेकलो. सुटल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. यादी आता खरी होती.

बन्सी हात पुसत म्हणाला, "आता बाकीचे बी कापायचे का?"

"बाकीचे कुठले?"

"गुढीचे पाइप. सरांचा बघून समदे मागं लागले ना माझ्या. गेल्या वर्सी पाडव्याच्या आदल्या म्हयन्यात लई जनांनी बसवून घेतले. कप्पी-दोरीसगट."

"किती जणांनी?"

त्याने बोटं मोजली. "ह्या अंगाला सात... तिकडं वरच्या गल्लीत पाच... आन त्यो शाळंमागं एक. तेरा. सरांचा धरून चौदा. त्यो काय, बघा की, चार घरं टाकून."

मी पाहिलं. पांढऱ्या ढगाखाली, पत्र्यांच्या आणि टाक्यांच्या वर, एक पाइप उभा होता. मग त्याच्या उजवीकडे आणखी एक. मग पुढच्या गल्लीत दोन. या गच्चीवर मी चार दिवसांत तिसऱ्यांदा आलो होतो आणि माझ्या एका पाइपापलीकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. ते सगळे माझ्या नऊशे बारांत होते. पाडव्याला त्यांच्यावर खरोखरच गुढ्या होत्या, साखरेच्या गाठी होत्या, तांबे होते. संध्याकाळी गुढ्या उतरल्या. पाइप कोण उतरवतो?

"कुनाच्या टाकीवर हायेत, कुनाच्या जिन्याच्या खोलीवर," बन्सी सांगत होता. "सरांच्याहून उंच बी हायेत दोन. का वो साहेब, काय झालं?"

"कप्पी तुला कुणी सुचवली होती?" मी उगाच काहीतरी विचारलं.

"सरांनी. म्हनले, बाईमानसाला एकटीला जमलं पायजे."

संध्याकाळचं मुंबईचं विमान यायला दोन तास होते आणि ढग आणखी खाली येत होते. चहा न घेता मी निघालो. क्रांती चौकातल्या आमच्या ऑफिसात पोहोचलो तेव्हा मृण्मयी एकटीच होती. तिला सगळं सांगितलं. नऊशे बारा, सर, पाइप, काकू, बन्सीचे तेरा. "मी म्हणाले होते" हे शब्द तिच्या ओठांवर यायला हरकत नव्हती. आले नाहीत. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही लिहिताय की मी लिहू?"

मी लिहिलं. चार ओळींत. यादी खोटी आहे, चौदा पाइप तिच्यातून सुटले आहेत, प्रत्यक्ष पाहणी झालेली नाही, वाट ताबडतोब थांबवावी. तासाभरात वाट बंद झाली, वैमानिकांना सूचना गेली.

संध्याकाळचं विमान आलं, ढगांवर दोन घिरट्या घातल्या आणि मुंबईला परत गेलं. ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर मी उभा होतो. एकजण फोनवर ओरडत होता, "वापस गया बोलते यार! इकडं मयत ठेवून बसलेत घरचे, आता ह्याला कधी आणायचं? कसलं एअरपोर्ट आपलं!" त्याचा भाऊ होता त्या विमानात, बापाच्या शेवटच्या दर्शनाला निघालेला. मी चहा तसाच ठेवला. मागच्या वर्षी काही दिवस पायी हिंडलो असतो तर कदाचित हा मुलगा आज बापापाशी पोहोचला असता. कदाचित नसताही. ढग खरंच खूप खाली होते. पण हे 'कदाचित' आता माझ्याकडेच राहणार.

माझी परवानगी गेली. फर्मने हात वर केले आणि सगळा दोष माझ्यावर टाकला, तो माझाच होता. नवी पाहणी दिल्लीच्या लोकांनी स्वतः केली. पावसात छत्र्या घेऊन गल्लोगल्ली हिंडले, प्रत्येक गच्चीवर चढले. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यातल्या निशा मॅडमचा फोन आला. मूळच्या जालन्याच्या, बोलायला स्पष्ट.

"तुमच्या पत्रात चौदा पाइप आहेत," त्या म्हणाल्या. "जागेवर तेराच मिळतायत."

"एक मी कापला."

"कुणी सांगितलं कापायला?"

"कुणी नाही. नियमात बसत नव्हता म्हणून..."

"कुठल्या नियमात? अहो, गच्चीवरच्या गुढीच्या पाइपसाठी कोण कापाकापी करतं? वैमानिकाला तीस-चाळीस फूट वरूनच परत फिरायला सांगितलं असतं, संपलं. ते तेराही आम्ही कुणाला हात लावायला सांगितलेले नाहीत. मोजले, यादीत घातले, उंची वाढवली. अडथळा असला तरी चालतं हो. तो सांगितलेला असावा लागतो, इतकंच." मग त्यांनी विचारलं, "कुणाचा होता तो?"

मी सांगितलं, "माझ्या सरांचा."

चौदांतले तेरा पाइप आजही मुकुंदवाडीत उभे आहेत. पुढच्या पाडव्याला त्यांच्यावर गुढ्या चढतील. जो पहिला होता, चार वेळा ओळंबा लावून बसवलेला, तेवढा एकच कापला गेला.

त्याच संध्याकाळी काकूंकडे गेलो. समोरच्या खोलीत सरांचा फोटो, खाली समई लावलेली. समईशेजारी ती कप्पी ठेवली होती, घासूनपुसून. काकूंनी पाणी दिलं. मी पेला हातात धरला आणि न पिताच सगळं सांगून टाकलं. गुढ्या कशा खोडल्या ते, त्यांची गच्ची ओळखून हसलो ते, सही केली ते. सरांनी परवानगी घ्यायचा प्रश्नच नव्हता ते. पाइप कापायची काहीच गरज नव्हती ते.

पाइपचं ऐकून त्यांना रडू येईल असं मला वाटलं होतं. पाइपबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही.

"म्हणजे हे विसरले नव्हते?" त्या म्हणाल्या.

"नाही काकू."

"तू म्हणालास वय झालं होतं."

"मी खोटं बोललो. चूक माझी होती. सरांचं काहीच चुकलं नव्हतं."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. बाहेर रिमझिम चालू होती, गल्लीतून एक रिक्षा गेली. "तीन आठवडे," त्या हळूच म्हणाल्या. "रोज दिवा लावला की मी भांडत होते रे त्यांच्याशी. आयुष्यभर पोरांना नियम शिकवलेत आणि स्वतःच असं केलंत, असं म्हणायचे. वर माणसं असतात, तुम्हाला कळलं कसं नाही, असं म्हणायचे. परवा तर मी फोटोला हारही घातला नाही."

मी पेला खाली ठेवला. "बन्सीला सांगून तसाच नवा बसवून देतो," मी म्हणालो. "आता रीतसर यादीत घालतील. मी स्वतः उभा राहून..."

"नको," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तू जा आता, शंतनू."

मी उठलो. दाराशी वाकून ओल्या चपला पायांत सरकवत होतो. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग त्यांची पावलं समईपर्यंत गेली.

"अहो," त्या फोटोशी बोलत होत्या, "ऐकलंत का? तुमचं नव्हतं हो चुकलं."